पियानोचं न दिसणारं नुकसान

सुट्टीत कुणीतरी सभागृहाचं कुलूप तोडून शाळेचा पियानो फोडला, हे आता सगळ्यांच्या कानावर गेलं आहे. दुरुस्तीसाठी वर्गणी काढण्याआधी, पेट्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या मला या वाद्याचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो.

इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी पियानो घडवला, तेव्हा त्याची चौकट लाकडी होती. पुढे तारा जाड झाल्या, ताण वाढला. १८२५ मध्ये बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक यांनी ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो आणि तो पेलते ही चौकट. तुटलेल्या पट्ट्या नव्या बसवता येतात. चौकट तडकली, तर बहुधा सगळंच संपतं. २०२० च्या जानेवारीअखेर बर्लिनमध्ये अँजेला ह्युइट यांचा फाझिओली पियानो हमालांच्या हातून पडला. त्याची चौकटच मोडली होती, आणि खुद्द कारखानदारांनी दुरुस्ती परवडणार नाही असा निर्वाळा दिला.

आपल्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातल्या, १९१५ च्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. पण उभी भिंत शाबूत आहे की नाही, हे तपासल्यावरच कळतं.

आपल्या पियानोचं झाकण उखडलंय, चौदा पट्ट्या तुटल्यात. हे दिसतं. तो आडवा पाडला होता का, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही. म्हणून आधी बॅटरी लावून चौकट इंच न् इंच बघावी लागेल. तारांच्या खुंट्या लाकडात घट्ट आहेत का, हे किल्लीने अजमावावं लागेल. मागची नाद देणारी फळी चिरली आहे का, तेही पाहायला हवं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि चीर मिटते. उन्हाळ्यात तीच उघडते. त्यामुळे आत्ता एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा, अशी दोनदा तपासणी हवी. तोवर कुणी त्याचे सूर लावू नयेत. तारांवर ताण चढवला, तर कमजोर चौकट तडकेल.

माझी सूचना इतकीच: या मेळाव्यात फक्त जाणकार पियानो-कारागिराच्या तपासणीपुरते पैसे जमवू. वाद्य वाचणार असेल, तर मोठी वर्गणी मार्चनंतर काढू. ज्या पियानोवर बाईंनी आपल्याला प्रार्थना शिकवली, त्याचा निकाल नुसत्या तुटक्या पट्ट्या बघून लावायचा नाही.