टेंभलीची नोंद आणि डिस्कची राखण

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला हा आदिवासीबहुल जिल्हा त्या दिवशी देशभर गाजला. गाजला तो सोहळा. गावकऱ्यांच्या बोटांचे ठसे नेमके कशावर साठवले गेले आणि त्यांची राखण कशी झाली, हा इतिहास त्यामानाने मुका राहिला.

त्याआधी जिल्ह्यातल्या माणसाची सरकारी ओळख तलाठ्याच्या दप्तरात, रेशनकार्डात आणि शाळेच्या दाखल्यात विखुरलेली असे. जुनी कागदपत्रे रुमालात बांधून फडताळात पडत. एखादा रुमाल वाळवीने खाल्ला किंवा पावसाने भिजला, की दुसरी प्रत तहसिलीत असेल तरच नोंद वाचायची.

आधारच्या नोंदणीत दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे, चेहऱ्याचा फोटो आणि नाव-पत्ता घेतला जाई. लॅपटॉपला जोडलेला दुसरा पडदा नोंदणीसाठी बसलेल्या माणसाकडे वळवलेला असे. आपले नाव बरोबर टंकले गेले की नाही, हे त्याने स्वतः पाहावे हा हेतू. ज्याला वाचताच येत नाही त्याला या सोयीचा उपयोग बेताचाच. सगळी माहिती तिथल्या तिथे 2048 बिटांच्या किल्लीने कुलूपबंद होऊन तिचे एक पाकीट बनत असे. हे पाकीट मध्यवर्ती केंद्रात पोहोचेपर्यंत लॅपटॉपवरच राही, म्हणून दिवसातून किमान दोनदा बाहेरच्या हार्डडिस्कवर त्याची प्रत काढायची, असा चालकांना दंडक होता.

एका माणसाचे पाकीट साधारण 5 एमबीचे. आयबीएमने 1956 साली जगातली पहिली व्यापारी हार्डडिस्क आणली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्यांच्या त्या अवजड यंत्रात जवळपास एवढीच माहिती मावे. सीगेटने 1980 साली घरगुती संगणकात बसेल अशी एसटी-506 ही डिस्क काढली, तिचीही क्षमता 5 एमबीच होती. म्हणजे त्या काळी टेंभलीच्या एकेका रहिवाशाला एकेक डिस्क लागली असती.

एसटी-506 स्वतः फार थोडे काम करी. मुंडी कुठे न्यायची, बिट कसे लिहायचे आणि वाचायचे, हे सगळे संगणकात बसवलेले वेगळे कार्ड ठरवी. तेच डिस्क कंट्रोलर. 1986 च्या सुमारास आलेल्या आयडीई पद्धतीने हे काम डिस्कच्याच पाठीवरच्या सर्किटकडे सोपवले. त्याच वर्षी मानक ठरलेल्या स्कझी पद्धतीने एका तारेवर अनेक डिस्क जोडायची सोय केली. पुढे या दोन्ही घराण्यांचे वारस म्हणून साटा आणि सॅस आले. सॅसच्या कार्डाला साटाची स्वस्त डिस्क चालते, उलटे मात्र जमत नाही.

मग कंट्रोलरला काम काय उरले? 1988 साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरा आणि जास्तीच्या डिस्कवर पडताळणीची माहिती ठेवा, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून हिशेब करून तिच्यावरचा मजकूर परत मिळवता येतो, असे त्याचे सार. ही रेड पद्धत. तिचा हिशेब करणारी कार्डे हा मोठा धंदा झाला. कार्डावर स्वतंत्र प्रोसेसर आणि स्मृती असे. लिहायचा मजकूर आधी स्मृतीत ठेवून सवडीने डिस्कवर उतरवला जाई. मध्येच वीज गेली तर तो हरवू नये म्हणून कार्डाला छोटी बॅटरी लागे. ही बॅटरी दोन-चार वर्षांत थकते, आणि ती थकली की चांगली कार्डे आपणहून सावध, संथ लिखाणावर येतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा बारकावा कागदी वेगापेक्षा महत्त्वाचा.

कार्डाची खरी अडचण वेगळीच होती. कोणत्या डिस्कवर काय ठेवले, हे टिपण्याची प्रत्येक कंपनीची रीत आपापली. कार्डच जळाले तर डिस्क धडधाकट असूनही त्याच घराण्यातले दुसरे कार्ड मिळेपर्यंत मजकूर अडकून पडे. हेच काम सॉफ्टवेअरकडे देण्याचा मार्ग युनिक्सच्या जगात आधीपासून होता. पुण्यातही मोठे केंद्र असलेल्या व्हेरिटास कंपनीचा व्हॉल्यूम मॅनेजर त्यातला नावाजलेला. सन कंपनीने 2005 साली झेडएफएस ही फाइलव्यवस्था खुली केली. तिच्यात प्रत्येक ठोकळ्याचा पडताळणीचा आकडा वेगळा जपलेला असतो, त्यामुळे डिस्क मुकाट्याने चुकीचा मजकूर देऊ लागली तरी ते उघडकीला येते.

आधारचा पसारा याहून मोठा. 2016 च्या एप्रिलमध्ये क्रमांकांची संख्या 100 कोटींवर गेली. प्रत्येकी 5 एमबी धरले तर नुसती पाकिटेच 5 पेटाबाइट, म्हणजे 2 टीबीच्या अडीच हजार डिस्क. तीन-तीन प्रती ठेवल्या तर साडेसात हजार. वर्षाला शंभरातल्या तीन बिघडतात असे मानले, तर दर आठवड्याला चार डिस्क जाणार. इथे एका कार्डावर भिस्त ठेवणे व्यर्थ. गूगलने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत साधी यंत्रे, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती आणि बिघाड गृहीत धरणारे सॉफ्टवेअर होते. हडूप या सॉफ्टवेअरने तीच वाट सर्वांना खुली केली. आधारच्या जाहीर झालेल्या रचनेतही कच्ची पाकिटे हडूपच्या फाइलव्यवस्थेत आहेत, तर जुनी, हातावेगळी झालेली पाकिटे वेगळ्या साठ्यात हलवली जातात. माहितीची केंद्रे बेंगळुरू आणि मानेसरला आहेत.

घरी दहा-बारा डिस्कचा सर्व्हर बांधणाऱ्याला तीन पट डिस्क परवडत नाहीत. त्याच्यासाठी मधला मार्ग रूढ झाला: झेडएफएससारखे सॉफ्टवेअर, एक नव्हे तर दोन डिस्कच्या बिघाडाची तयारी, आणि हिशेब न करता डिस्क जशाच्या तशा पुढे करणारे साधे कार्ड, म्हणजे एचबीए. एलएसआय कंपनीची, मोठ्या सर्व्हरमधून उतरलेली आठ डिस्कची सॅस कार्डे यासाठी लोकप्रिय झाली. आयबीएमच्या नावाने विकलेल्या एम1015 या कार्डातला रेडचा कार्यक्रम पुसून त्यावर ‘आयटी मोड’चा, म्हणजे साध्या एचबीएचा, घालणे हा तर छंदिष्टांचा नेहमीचा उद्योग. एलएसआय 2014 साली अवागोकडे गेली आणि 2016 पासून अवागो स्वतः ब्रॉडकॉम या नावाने ओळखली जाते, म्हणून जुन्या-नव्या कार्डांवर निरनिराळी नावे दिसतात. ही कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी घडवलेली असतात. खानदेशच्या मे महिन्यात बंद पेटीत बसवायची, तर त्यांच्या चिपवर वेगळा पंखा लावावाच लागतो.