जिनीव्हाची द्विभाषिक शाळा आणि मजूर कचेरी



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने जिनीव्हा शहरातील एका खासगी आंतरराष्ट्रीय शाळेचा इतिहास सांगावयास उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. ती शाळा फीची आहे. आणि फीही अशी की आमच्या सभासदांपैकी एकाच्याही मुलाला तिच्या फाटकातून आत जाता येणार नाही. तरी हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर कचेरी येथील अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी ही शाळा काढली. ज्या कामगारांच्या नावाने ती मजूर कचेरी उभी राहिली, त्यांत मुंबईचा गिरणी कामगारही होता. तेव्हा ही शाळा आमची कोणीच लागत नाही असे म्हणता येत नाही.

त्या शाळेत फ्रेंच व इंग्रजी या दोन भाषा कशा आल्या, ते आधी पाहू. अठराव्या शतकापासून युरोपातील राजेरजवाड्यांचे तह बहुधा फ्रेंचमध्ये लिहिले जात. १९१९ साली पॅरिसला शांतता परिषद भरली तेव्हा अमेरिकेचे विल्सन आणि इंग्लंडचे लॉईड जॉर्ज यांना फ्रेंचमध्ये वाटाघाटी करणे जमण्यासारखे नव्हते. फ्रान्सच्या क्लेमांसोंना मात्र इंग्रजी चांगले येत होते. वर्सायचा तह दोन्ही भाषांत लिहिला गेला, आणि दोन्ही मजकूर सारखेच प्रमाण मानावेत असे त्यात नमूद झाले. हे कलम वरवर किरकोळ दिसते. पण मालकाशी करार करण्यापूर्वी ज्याने रात्र जागून मजकूर वाचला आहे, त्याला त्याचे मोल विचारा. तंटा पडला म्हणजे प्रमाण मजकूर टेबलावर येतो आणि भाषांतर खिशातच राहते.

याच तहाच्या तेराव्या भागातून मजूर संघटना जन्मली आणि १९२० साली तिची कचेरी जिनीव्हाला आली. पहिले संचालक आल्बेर तोमा हे फ्रेंच समाजवादी, युद्धकाळात दारूगोळा खात्याचे मंत्री असलेले. त्यांचे उपसंचालक हॅरॉल्ड बटलर हे इंग्रज सनदी नोकर. कचेरीचा कागद दोन्ही भाषांतून हलत असे. या दोन संस्थांसाठी देशोदेशींची कुटुंबे जिनीव्हाला आली आणि मुलांचा प्रश्न उभा राहिला. शहर फ्रेंच भाषेचे. बापाच्या नोकरीची मुदत संपली की बिऱ्हाड परत स्वदेशी जाणार. मुलाला रस्त्यावर वावरण्यासाठी फ्रेंच हवी, आणि पुढे परीक्षेला बसण्यासाठी, पुष्कळदा, इंग्रजी हवी.

सप्टेंबर १९२४ मध्ये शाळा सुरू झाली. नवशिक्षणाचे पुरस्कर्ते अदोल्फ फेरिएर यांनी आपल्या जागेतील लाकडी बंगली त्यासाठी दिली. पॉल मायहोफर हे पहिले मुख्य झाले. राष्ट्रसंघाकडून पुढाकार घेणाऱ्यांत अमेरिकेचे आर्थर स्वीट्झर आणि आरोग्य विभागाचे प्रमुख, पोलंडचे लुडविक राइखमन हे होते. हेच राइखमन पुढे १९४६ साली युनिसेफच्या स्थापनेत अग्रभागी होते. पहिल्या दिवशी विद्यार्थी किती, तर आठ! आमच्याकडे चाळीच्या गच्चीवरची शिकवणीदेखील याहून मोठी भरते. पण आठांच्या पाठीशी दोन जागतिक संस्था होत्या, आणि १९२९ साली ला ग्रांद ब्वासिएर नावाची मोठी जागा शाळेला मिळाली.

त्याच वर्षी मारी-तेरेझ मोरेत या बाईंच्या हाती शाळा आली आणि १९४९ पर्यंत राहिली. त्यांचे पती फर्नां मोरेत हे भूगोलज्ञ. मजूर कचेरीतच मोठ्या हुद्द्यावर होते. बाईंनी भूगोलाचा क्रम उलटा केला. आपले गाव, मग जिल्हा, मग देश अशी चढण न लावता पृथ्वी अखंड समोर ठेवून आरंभ करावयाचा, म्हणजे कोणाचाच देश जगाच्या मध्यभागी बसत नाही. शांततेसाठी शिक्षण देण्याचे तंत्र असते काय, या प्रश्नावर १९४८ साली त्यांनी युनेस्कोसाठी एक पुस्तिका लिहिली. इतर शाळांत परकी भाषा हा वेळापत्रकातील एक तास असतो. या शाळेत दुसरी भाषा ही बाकीचे विषय शिकण्याचे, खेळण्याचे आणि भांडण्याचेही साधन होती. मुलगा भाषा शिकत नव्हता, भाषेतून शिकत होता.

१९२६ साली कमला नेहरूंच्या औषधोपचारासाठी नेहरू कुटुंब स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा आठ वर्षांची इंदिरा काही काळ याच शाळेत होती, हे श्रोत्यांपैकी अनेकांस ठाऊक असेल. हिंदुस्थानशी या शाळेचा तो पहिला प्रसिद्ध धागा. आम्हांला त्यापेक्षा दुसरा धागा अधिक मोलाचा वाटतो. त्याकडे आता वळतो.

ही शाळा यशस्वी झाली, याचे श्रेय शिक्षकांना द्यावेच लागेल. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. वर्गात फ्रेंच व इंग्रजी यांना समान मान होता, कारण वर्गाबाहेर, बापांच्या कचेरीत, त्यांना समान मान होता. एकही भाषा दुसरीची मोलकरीण नव्हती. आणि राइखमन यांच्या पोलिश भाषेचे काय? इंदिरेच्या हिंदीचे काय? त्या भाषा घरच्या कपड्यांसारख्या घरी राहिल्या. समता होती ती दोन साम्राज्यांच्या भाषांमधली. त्या काळी याची कोणाला फारशी खंत वाटल्याचे दिसत नाही.

आता तो दुसरा धागा. शाळा निघण्याच्या पाच वर्षे आधी, १९१९ च्या शेवटी, वॉशिंग्टन येथे पहिली मजूर परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. सरकारने त्यांना नेमले होते, कारण नेमणूक सुचवील अशी अखिल भारतीय संघटनाच नव्हती. ती उणीव ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटकच्या स्थापनेने भरून निघाली. जोशी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली होती आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालविली होती. म्हणजे कामगार कोणत्या शब्दांत बोलतो हे त्यांनी ऐकलेले होते. परिषदेत मात्र बोलावयाचे इंग्रजीत, आणि इंग्रजीचे फ्रेंच दुभाष्याने करावयाचे. परळच्या माणसाचे गाऱ्हाणे अशा रीतीने दोनदा भाषांतरित झाले. त्यांतले दुसरे भाषांतर पगारी दुभाष्याने केले. पहिले जोशी यांनी आपल्या मनात, एकट्याने केले. त्या परिषदेने कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांचा करार केला आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६० तास ठेवले. १९२२ पासून आपल्याकडे तोच ६० तासांचा कायदा अमलात आला. फ्रेंचमध्ये वाचा की इंग्रजीत वाचा, आकडा साठच.

दुसऱ्या महायुद्धात जिनीव्हा ओस पडले, शाळेची मुले पांगली. मजूर कचेरी १९४० साली कॅनडातील माँट्रियल शहरी, मॅक्गिल विद्यापीठाच्या आश्रयास गेली आणि १९४८ साली परत आली. शाळेतही युद्धानंतर इंग्रजीची बाजू जड होत गेली. अमेरिकन कंपन्या जिनीव्हाला आल्याचा तो परिणाम. पुढे तिच्याच शिक्षकांच्या खटपटीतून १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही परीक्षा आकारास आली. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे साहित्य आणि शिवाय एक दुसरी भाषा घ्यावी लागते. ही परीक्षा आज महाराष्ट्रातही आहे. मुळशीजवळचे महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ साली सुरू झाले ते तिच्याच आधारावर.

पण माँट्रियलचे नाव निघाले तर तेथे थोडे थांबू, कारण फ्रेंच-इंग्रजी शिक्षणाची कसोटी खरी तेथे लागली. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. गिरणी, बँक, कारखाना इंग्रजी बोलणाऱ्यांचा. फोरमनची भाषा इंग्रजी. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी काही इंग्रज पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांचा बालवर्ग संपूर्ण फ्रेंचमध्ये भरविला. इंग्रजी वाचन दुसऱ्या इयत्तेत सुरू झाले आणि पुढे वाढत गेले. मॅक्गिलच्या वॉलेस लँबर्ट यांनी ही मुले वर्षानुवर्षे तपासली. त्यांना चांगली फ्रेंच आली आणि इंग्रजी तिळभरही बिघडली नाही. बिघडणार कशी? घर इंग्रजी, वर्तमानपत्र इंग्रजी, नोकरी इंग्रजी. लँबर्ट यांनीच पुढे बजावून सांगितले की ज्या मुलाच्या भाषेला बाहेर पत नाही, त्याच्यावर हाच प्रयोग केला तर दुसऱ्या भाषेची भर पडत नाही. पहिलीची वजाबाकी होते. १९८० च्या सुमारास कॅनडातीलच जिम कमिन्स यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. परक्या भाषेत खेळगडी जमविण्याइतके बोलणे मुलाला दोनेक वर्षांत येते. त्याच भाषेत विचार मांडणे, गणिताचे उदाहरण समजून घेणे, यास पाच ते सात वर्षे लागतात.

आमच्या सभासदांच्या घरी हे आम्ही रोज पाहतो. एका कामगाराला कारखान्यातून नोटीस आली. त्याची मुलगी सहावीत, इंग्रजी माध्यमात. तिने नोटीस खडाखडा वाचली, उच्चारही झोकदार. "अगं, पण म्हणतायत काय ते?" बापाने विचारले. मुलगी कागदाकडे बघत राहिली. तिला ते इंग्रजीतही कळले नव्हते आणि मराठीत सांगावयास शब्द नव्हते. तिच्या फीसाठी बापाने पतपेढीचे कर्ज काढले आहे. आम्ही त्याला दोष देणार नाही. जिनीव्हाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलासाठी जे इच्छिले तेच याने इच्छिले; फक्त याच्या भाषेमागे तहाचे कलम नव्हते.

क्वेबेकच्या फ्रेंच कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी ही गोष्ट ओळखली. त्यांनी शाळेबरोबर कारखान्याकडेही बोट दाखविले. २६ ऑगस्ट १९७७ रोजी तेथे फ्रेंच भाषेची सनद म्हणून कायदा झाला. कामगारास आपले काम फ्रेंचमध्ये करण्याचा हक्क आहे. मालकाने नोकरांस लिहावयाचे ते फ्रेंचमध्ये. सामुदायिक करार फ्रेंचमध्ये. केवळ फ्रेंचच येते म्हणून कोणास कामावरून काढता येणार नाही. या कायद्याने शाळाप्रवेशावर जे निर्बंध घातले त्यांबद्दल तेथे कडवे वाद झाले, आणि ते सगळेच आम्हांला मान्य आहेत असे नाही. कामाच्या जागेविषयीची कलमे मात्र सोन्याच्या मोलाची.

आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात नववे कलम होते: कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फाटकाजवळ फलकावर लावावेत. आम्ही असे फलक पुष्कळ पाहिले. इंग्रजी तक्ता टाइप केलेला, काचेमागे. मराठी तक्ता कोणी कारकुनाने कोशातून शब्द काढून लिहिलेला. 'निलंबनाधीन निर्वाहभत्ता' वाचून कामगार आम्हांला विचारीत की हा दंड आहे की पगार? आणि लवादापुढे गेल्यावर वकील इंग्रजी तक्ताच काढीत.

म्हणून अलीकडे आम्ही करार करतो तेव्हा त्याचा मराठी मसुदा युनियनच्या कचेरीत, चार कामगारांना शेजारी बसवून तयार करतो. त्यांना जो शब्द अडतो तो काढून टाकतो. शेवटी एक कलम घालतो, की या कराराचे मराठी व इंग्रजी असे दोन मजकूर असून दोन्ही सारखेच प्रमाण आहेत. मालकांचे वकील या कलमाला पगारवाढीपेक्षा अधिक वेळ अडून बसतात. आजवर ते दोन ठिकाणी मान्य झाले आहे. तिसऱ्या ठिकाणी बोलणी चालू आहेत.