आकाशातली हाक कोणी ऐकायची?

वाचकहो, ४ जून २०२४ रोजी आमच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, शिरसगावच्या शेतात, हवाई दलाचे एक सुखोई विमान कोसळले. दोघेही वैमानिक हवाई छत्रीने बचावले. दिवसाउजेडी घडलेली गोष्ट, ओझरचा विमानतळ जवळ, माणसांची वस्ती भोवताली. शोध घ्यावा असे काही उरलेच नव्हते.

पण प्रत्येक विमान काही अशा सोयीच्या जागी पडत नाही. नाशिकहून पुण्याच्या वाटेने निघालात, की संगमनेर मागे पडल्यावर पुढे जुन्नरचे डोंगर लागतात. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, त्या डोंगरांत इटलीचे एक प्रवासी विमान आदळले. ते बँकॉकहून मुंबईला येत होते. मुंबई जवळ आली असे समजून वैमानिकाने विमान वेळेआधीच खाली घेतले. विमानात ९४ माणसे होती. एकही वाचले नाही.

आता तुम्हीच विचार करा. अशा पावसाळी रात्री एखादे विमान एकाएकी बोलेनासे झाले, तर शोधायला निघायचे कोणी? विमानाशी बोलणारा अधिकारी मुंबईत बसलेला; त्याच्यापाशी उडायला विमान नाही. विमाने असतात हवाई दलापाशी. पण कोण हरवले, हे त्यांना दुसऱ्याने कळवावे लागते. डोंगरवाटा ठाऊक गावकऱ्यांना. त्यांना तर कोणी विचारलेलेच नसते! तिघांपाशी तीन तुकडे. ते जोडायचे कोणी?

हा प्रश्न साऱ्या जगापुढे होता. १९४४ साली शिकागो येथे अनेक राष्ट्रांनी नागरी विमानवाहतुकीचा करार केला. आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला शक्य ते साहाय्य द्यावे, असे त्याचे २५ वे कलम सांगते. १९५० मध्ये शोध आणि बचावाचे वेगळे नियमही झाले. मात्र हे काम सरकारच्या कोणत्या खात्याने करावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

अमेरिकेने १९५६ मध्ये वाटणी केली : जमिनीवर हवाई दल, समुद्रावर तटरक्षक दल. ब्रिटनमध्ये अनेक दशके हवाई दलाची व नौदलाची हेलिकॉप्टरे धावत; २०१५ पासून तेथील सरकारने ते काम तटरक्षक खात्यामार्फत एका खाजगी कंपनीला कंत्राटाने दिले. लष्कराला लढाईचे काम आहे, ते त्याने करावे, असे एक मत. शिस्त आणि सराव लष्कराइतका कोणापाशी, असे दुसरे.

आपण मधली वाट धरली. जमिनीवरील शोधाची सूत्रे नागरी खात्याकडे, म्हणजे १९९५ पासून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. आपला नाशिक जिल्हा त्याच्या मुंबई केंद्राखाली येतो. ठरल्या वेळेनंतर ३० मिनिटांत विमानाचा निरोप आला नाही, की तेथे काळजीची पहिली पायरी सुरू होते. विमाने मात्र संरक्षण खात्याची. समुद्रावरचे काम १९७८ मध्ये स्थापन झालेल्या तटरक्षक दलाकडे.

यात शहाणपण आहे, बरं का. एरवी बसून राहणारा वेगळा ताफा पोसण्यापेक्षा आहे त्याचा उपयोग बरा. पण धोकाही आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याला ठाऊकच आहे. एका खात्याने दुसऱ्याला कळवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तोवर जखमी माणसाची रात्र सरायची! म्हणून माझे मत असे, की विमान कोणाचेही असो, हुकूम देणारा एकच असावा. त्याला फोन केल्यावर 'हे आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळता कामा नये. आणि संकट नसतानाही सर्वांनी मिळून सराव करावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, त्या साखळीची शेवटची कडी आपल्या गावात आहे. डोंगरात विमान पडले, तर बहुधा गुराखीच आधी पोहोचेल. गाव, शिवार आणि डोंगराचे नाव नीट सांगून पोलीस पाटलाला किंवा ११२ वर कळवावे, जखमींना मदत करावी, आणि पडलेल्या तुकड्यांना हात लावू नये, कारण चौकशी त्यांवरूनच होते. एवढे मुलांना एकदा वर्गात सांगून ठेवा.