एका प्याद्याचा चारशे वर्षांचा प्रवास

१. २३ जुलै २०२५. जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. एका बाजूला चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी, दुसऱ्या बाजूला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. आम्हा गोंदियाकरांच्या दृष्टीने शेजारच्याच घरची लेक. पहिला डाव बरोबरीत सुटला होता. दुसरा जिंकणारीला अंतिम फेरी आणि कॅन्डिडेट्स स्पर्धेतील स्थान, दोन्ही मिळणार होते.

२. पांढरी मोहरी दिव्याकडे. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे, ई४. तानचे उत्तर सी५, अर्थात सिसिलियन बचाव. काळ्याचे हे प्यादे बाजूने डी४ या मधल्या घरावर नजर ठेवते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इटालियन हस्तलिखितांत ही पद्धत आढळते. सिसिलीचे धर्मगुरू पिएत्रो कारेरा यांच्या १६१७ च्या ग्रंथातही तिची चर्चा आहे.

३. दिव्याची दुसरी खेळी सी३. रशियन खेळाडू सेम्यॉन आलापिन (१८५६–१९२३) यांच्या नावाने ती ओळखली जाते. पुढे डी४ खेळायचे आणि काळ्याने ते प्यादे मारलेच, तर सी३ च्या प्याद्याने परत मारून मध्यावर ताबा ठेवायचा, हा तिचा हेतू. किंमत एवढीच, की घोड्याचे हक्काचे घर अडते.

४. आता एक गंमत पाहा. आपल्या देशी बुद्धिबळाच्या बहुतेक प्रकारांत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकते. म्हणजे ई४ ही खेळी आजोबांच्या पटावर चाललीच नसती. सी३ मात्र खुशाल चालली असती!

५. तो डाव १०१ खेळ्यांनंतर दिव्याने जिंकला. २८ जुलैला अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला जलद डावात नमवून ती विश्वचषक विजेती आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

६. कारेरा आणि आलापिन आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण खेळ्या लिहिल्या गेल्या, छापल्या गेल्या. दिव्याच्या १०१ खेळ्याही तशाच नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या ओट्यांवर आणि पारांवर रंगलेले असंख्य डाव मात्र मोहरी आवरताच पुसले गेले. त्या खेळाडूंचे कौशल्य कमी होते असे म्हणायला आधार नाही. कमतरता होती ती नोंदीची.

७. म्हणून एवढे करा. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या काळचे नियम विचारा: प्यादे किती घरे चालायचे, राजाला घोड्याची उडी होती का, डाव कोणत्या स्थितीत बरोबरीत सुटायचा. उत्तरे गावाच्या नावासह वहीत उतरवा. इतिहासाचे साधन असेही घडते.