सिंधची चव, सिंधचा उच्चार

फाळणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा पंजाब आणि बंगाल यांच्या आधारे शिकवला जातो. ते प्रांत दुभंगले, तरी त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध प्रांत मात्र सबंध पाकिस्तानात गेला. १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग असलेल्या या प्रांतातून आलेल्या हिंदूंना स्वभाषेचे राज्य उरले नाही. त्यांपैकी लाखाच्या घरातील निर्वासितांना कल्याणजवळ, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. पाच ‘कॅम्प’ मात्र पत्त्यांत आजही टिकून आहेत.

भूमी हरपली की स्मृती कोठे वसते? आमच्या मते, येथे ती प्रथम स्वयंपाकघरात वसली. कढी म्हटले की मराठी वाचकाला ताक आठवते. सिंधी कढीत ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजून, पाणी घालून, त्यात भेंडी, गवार, बटाटा शिजवतात. आंबटपणासाठी चिंच किंवा कोकण किनाऱ्याचे कोकम घालतात. शब्द एकच, पण त्यामागे दोन भूगोल उभे आहेत. कमळकाकडीच्या भाजीत सिंधमधील तळी आहेत. पल्ला माशावर आरूढ झुलेलालच्या चित्रात सिंधू नदी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येणाऱ्या चेटीचंडला त्याच नदीचे स्मरण होते, पण ते वालधुनी आणि उल्हास या नद्यांच्या काठी.

तथापि चव विकत मिळते, उच्चार मिळत नाही. सिंधीत ग, ज, ड, ब यांच्या जोडीला हवा आत ओढून उच्चारले जाणारे चार ध्वनी आहेत. देवनागरीत ते अक्षराखाली रेघ देऊन लिहितात. अरबी-फारसी वळणाच्या लिपीत एकूण ५२ अक्षरे आहेत. १९६७ मध्ये सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, परंतु सिंधी माध्यमाच्या शाळा ओसरत गेल्या. आजीची कढी नातवाकडे पोहोचते. तिने लिहून ठेवलेली वही त्याला वाचता येतेच असे नाही. वारशाची खरी तूट येथे आहे.

अंबरनाथच्या १०६० मधील शिवमंदिराचा शिलालेख आपण अभ्यासतो. शेजारच्या बराकींतील वह्याही इतिहासाची साधनेच आहेत. अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी विद्यार्थ्यांनी वर्गातील सिंधी सहाध्यायांसह, त्या वाचू शकणारी माणसे आहेत तोवर, त्यांचे लिप्यंतर करावे, असे आम्हांस वाटते. पाककृती नंतरही मिळतील; ते चार ध्वनी कदाचित मिळणार नाहीत.