मोजमाप कुणाचे? माणसाचे की सरकारचे?

साक्षरतेची टक्केवारी जाहीर झाली की आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवणारे लगेच पुढे येतात. म्हणून हे मोजमाप आजवर कसे वापरले गेले, हे आपण तपासलेच पाहिजे.

१९११ च्या जनगणनेत कसोटी ठरली: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. ज्यांच्या मुलांना शाळेबाहेर बसवले जात होते, त्यांनाही हीच कसोटी! शाळेचे दार कुणी बंद केले, याचा रकाना मात्र त्या तक्त्यात नव्हता. पुढे १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधून टाकला. बाबासाहेब गोलमेज परिषदेत प्रौढ मताधिकार मागत होते. तो मिळाला संविधानानेच.

१९६१ मध्ये अनुसूचित जातींची साक्षरता १०.२७ टक्के होती, स्त्रियांची अवघी ३.२९. २०११ मध्ये ती ६६.१ वर गेली, देशाची ७३. पन्नास वर्षांचा हा पल्ला आपल्या आयाबायांनी मजुरी करून गाठला आहे.

तरीही २०१५ मध्ये हरियाणाने पंचायत निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली. खुल्या गटातील पुरुषाला दहावी, स्त्रियांना व दलितांना आठवी, पंचपदासाठी दलित स्त्रीला पाचवी. सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरमध्ये ही अट वैध ठरवली. शाळा न देणारे सरकार निर्दोष आणि शाळा न मिळालेली बाई अपात्र, हा कुठला न्याय?

मोजणीला आमचा विरोध नाही. उलट ती नीट होत नाही, हीच तक्रार आहे. जनगणनेत प्रगणक विचारतो, घरातला एक जण सगळ्यांचे सांगतो, नोंद होते. कागद पुढे ठेवून कुणी वाचून घेत नाही. ओईसीडीच्या प्रौढ कौशल्य पाहणीत १६ ते ६५ वयाच्या माणसांना प्रत्यक्ष मजकूर, हिशेब आणि संगणकावरची कामे सोडवायला देतात. भारत त्यात नाही. अशी पाहणी इथे व्हावी, जातवार व्हावी, आणि तिच्या निकालावर जाब सरकारला विचारला जावा.

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये पाच वर्षांवरील १६.५ टक्के लोकांनाच संगणक चालवता येत होता, ग्रामीण भागात ९.९ टक्क्यांना. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र महाडीबीटी पोर्टलवरच भरावा लागतो.