गोव्याहून फत्तेपूर सिक्रीकडे: मोन्सेरातचा प्रवास आणि ग्वाल्हेर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवा आणि आग्रा ही दोन वेगळ्या राज्यांतील शहरे होती. गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता होती, तर गुजरात जिंकल्यानंतर मुघलांचे राज्य दमणच्या सीमेला येऊन भिडले होते, आणि या नव्या शेजाऱ्याशी कसे वागावे हा प्रश्न दोन्ही दरबारांपुढे होता. अशा वेळी मुघल बादशहा अकबराने 1579 मध्ये गोव्याला दूत पाठवून ख्रिस्ती धर्म समजावून सांगणारे विद्वान पाद्री मागवले. हे काम जेझुइटांकडे, म्हणजे इग्नेशियस लोयोला याने स्थापन केलेल्या आणि गोव्यात शिक्षण व धर्मप्रसाराचे कार्य करणाऱ्या संघाकडे आले. त्यासाठी निवडलेले तिघे असे: इटलीतील सरदार घराण्यातला रोदोल्फो अक्वाविवा हा प्रमुख, इराणी पार्श्वभूमीमुळे फारसी जाणणारा फ्रान्सिस्को हेन्रिक्स हा दुभाषा, आणि कातालोनियातला अंतोनियो मोन्सेरात. मोन्सेरातला वाटेवरची प्रत्येक गोष्ट टिपून ठेवण्याची सवय होती, आणि या सवयीमुळेच हा प्रवास आज तपशिलाने सांगता येतो.

नोव्हेंबर 1579 मध्ये गोव्याहून निघून ही मंडळी समुद्रमार्गे दमणला आणि तेथून सुरतेला पोहोचली. पुढे तापीच्या काठाने कुकरमुंडा, मग आज नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात मोडणारे सुलतानपूर, नर्मदेपलीकडे मांडू, उज्जैन, सारंगपूर आणि सिरोंज असा मार्ग होता. खानदेश ओलांडून माळव्यात शिरणारी ही वाट व्यापारी तांड्यांची जुनी वाट होती; परंतु डोंगराळ भागात वाटमारीचे भय असल्याने घोडेस्वारांच्या संरक्षणाशिवाय पुढे जाणे धोक्याचे होते. बादशहाचे पाहुणे असल्यामुळे तसे संरक्षण या पाद्र्यांना मिळाले. सामान्य वाटसरूच्या नशिबी ते नव्हते, हे मोन्सेरातचा वृत्तांत वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

सिरोंजपुढच्या नरवरला मोन्सेरात आजारी पडला. सोबती पुढे गेले आणि 28 फेब्रुवारी 1580 रोजी अकबराचा दरबार असलेल्या फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. तो मात्र मागे राहिला, आणि इतिहासाच्या दृष्टीने हा खोळंबा लाभाचाच ठरला. त्या वर्षी हिजरी 988 चा मोहरम आणि फाल्गुनाचा शुक्ल पक्ष जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले होते. त्यामुळे हसन-हुसेन यांच्या शोकाचे दिवस पाळणारे मुसलमान आणि अंगावर धूळ, चिखल व रंग उडवून होळी खेळणारे हिंदू, असे दोन्ही समाज त्याच्या नोंदींत शेजारी-शेजारी आले आहेत. होळीचा धिंगाणा त्याला रुचला नाही. तरीही नावडती गोष्ट वगळण्याऐवजी त्याने तिचे वर्णन केले, आणि इतर अनेक धर्मप्रसारकांच्या पत्रांत हा गुण सहसा आढळत नाही.

नरवरनंतरचा मोठा मुक्काम ग्वाल्हेर. आज रेल्वे स्थानक आणि फूलबाग यांच्या दरम्यानच्या पडाव भागात उभे राहिले असता जो लांबट खडक दिसतो, त्यावरचा किल्ला तेव्हाही प्रसिद्ध होता. मात्र मराठी वाचकाच्या मनात ग्वाल्हेरशी जोडली गेलेली लष्कर ही वस्ती दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून 1810 च्या सुमारास वसली, आणि मोन्सेरातच्या काळी वस्ती किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या गावातच होती. येथील खडकात कोरलेल्या तेरा मूर्ती पाहून, मधली मूर्ती ख्रिस्ताची आणि दोन्ही बाजूंच्या बारा मूर्ती त्याच्या प्रेषितांच्या असाव्यात, हा तर्क त्याने नोंदवला. मात्र तसे ठामपणे म्हटले नाही. ग्वाल्हेरच्या खडकातील शिल्पे मुख्यतः पंधराव्या शतकात, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळात घडवलेली जैन तीर्थंकरांची आहेत, आणि बाबराच्या हुकमाने त्यांतल्या अनेकांची तोडफोड झाली होती. तेव्हा भंगलेल्या मूर्तींत आपला धर्म शोधणाऱ्या या पाद्र्याला हसण्यापेक्षा, त्याने राखलेली शंका अधिक मोलाची मानावी.

ग्वाल्हेरचा बाबा कपूर या फकिराच्या अनुयायांविषयीही तो लिहितो. हे लोक पोस्त, म्हणजे खसखशीच्या बोंडांचे मादक पाणी पीत. पुढच्या शतकात फ्रेंच प्रवासी बर्निए याने याच पेयाचा उल्लेख अगदी वेगळ्या संदर्भात केला आहे: ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलेल्या राजपुत्रांना ते रोज सकाळी पाजून हळूहळू निकामी केले जाई. एकाच गावात एकच पेय कोणाला वैराग्याचे साधन वाटावे आणि कोणासाठी शिक्षा ठरावी, ही गोष्ट दोन्ही वृत्तांत जोडून वाचल्याखेरीज उमगत नाही.

चंबळ ओलांडून मोन्सेरात मार्चच्या पहिल्या आठवड्यात दरबारी पोहोचला. काळे पायघोळ झगे घातलेले, दाढी न ठेवणारे हे निःशस्त्र पाद्री पाहण्यासाठी तेथे गर्दी जमली होती. पुढे अकबराचा मुलगा मुराद याला शिकवणे आणि 1581 च्या काबूल मोहिमेत बादशहाच्या छावणीबरोबर जाणे ही कामे त्याच्याकडे आली. अकबराचे धर्मांतर मात्र झाले नाही. गोव्याला परतलेला अक्वाविवा 1583 मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारला गेला. मोन्सेरात 1589 मध्ये इथिओपियाला जात असताना अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडला गेला, आणि त्याने आपला लॅटिन ग्रंथ येमेनमधील सना येथे बंदिवासात असताना पुरा केला. ग्रंथाचे हस्तलिखित 1906 मध्ये कलकत्त्यात सापडले, फादर होस्टेन यांनी 1914 मध्ये मूळ लॅटिन संहिता प्रसिद्ध केली आणि 1922 मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. म्हणजे आईन-इ-अकबरीच्या आधारे अकबरकालीन ग्वाल्हेरचे चित्र रेखाटणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना ही साक्ष छापील रूपात उपलब्धच नव्हती.